अळीला रविवार नसतो

आमच्या घराण्याची भाकर कापसावर चालली. दादामियाँ पिंजारी. खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या अंगणात बसून गाद्या-उशा भरून द्यायचे. अब्बांनी ते पिंजण खुंटीला टांगलं आणि जिनिंगमध्ये कामाला लागले. ढिगातला कापूस पाहणं, कवडी वेगळी काढणं, मशीनला माल लावणं हे त्यांनी तीस वर्षं केलं. मी चौथी-पाचवीत असेन, तेव्हा त्यांनी मला सरकीच्या ढिगातून दोन सरक्या उचलून दाखवल्या होत्या. एकमेकींना चिकटलेल्या. नखाने त्या अलग केल्या तर आत गुलाबी अळी अंग आकसून पडलेली. मला वाटलं मेली. अब्बा म्हणाले, "मेली नाही. पुढच्या पावसाची वाट बघतेय."

अब्बा सातवी पास. पण ते जे सांगत होते ते कीटकशास्त्राच्या पुस्तकात जसंच्या तसं आहे. हंगाम संपत आला की गुलाबी बोंडअळीची शेवटची पिढी दोन सरक्या रेशमाने जोडून त्यात सुप्तावस्थेत जाते आणि महिनोन् महिने तशी राहते. जोडसरकी हा जिनिंगमधला शब्द कुठल्या प्राध्यापकाने काढला असेल असं मला वाटत नाही.

मी कृषी विद्यापीठांच्या कीटकशास्त्र विभागाबद्दल लिहितोय म्हटल्यावर दोन मित्र हसले. एकाने विचारलं, आरक्षणावर, उर्दू शाळांवर, वस्तीतल्या नळावर लिहिणाऱ्या माणसाने किड्यांवर का लिहावं? त्याला उत्तर म्हणून २०१७ सालची गोष्ट सांगितली, तीच इथे सांगतो.

त्या वर्षी माझ्या खालाचा मुलगा यवतमाळकडे रोजाने फवारणीला जात होता. त्यांची स्वतःची शेती नाही. आमच्या नात्यात बहुतेकांची नाही. पऱ्हाटी त्या साली माणसाच्या डोक्यावर गेली होती. खाली वाकून मारायचं औषध हात वर करून मारावं लागत होतं आणि त्याचा तुषार तोंडावर येत होता. बोंडअळीची धास्ती, वरून मावा-तुडतुडे आणि पांढरी माशी. दुकानदाराने तीन बाटल्या दिल्या आणि एकत्र करून मारा म्हणाला. तिसऱ्या दिवशी पोराच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडाला लाळ सुटली, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या. सात दिवसांनी तो घरी आला. तो वाचला. त्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसं गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते, पण रोजाने पंप पाठीवर घेणारे मजूरही मोठ्या संख्येने होते.

तेव्हा चर्चा झाली ती मास्क, हातमोजे, बनावट कीडनाशकं आणि दुकानदारांचे परवाने यांची. ती व्हायलाच हवी होती. पण एवढं औषध मारायची वेळ का आली, हा प्रश्न मला सोडत नव्हता. १५ वर्षांपूर्वी जे बियाणं "आता बोंडअळीसाठी फवारणीच नको" म्हणून आलं होतं, त्याच बियाण्याच्या शेतात हे घडत होतं.

बीटी कापसाला आपल्याकडे २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं बियाणं आलं. २०१० मध्ये खुद्द कंपनीनेच जाहीर केलं की गुजरातच्या काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या जनुकाच्या विषाला दाद देत नाही. उपाय म्हणून सांगितलं, दोन जनुकांचं बियाणं घ्या. मालाचा दोष विकणाऱ्यानेच सांगायचा आणि त्यावरचा इलाज म्हणून त्यानेच पुढचा माल पुढे करायचा, हा व्यवहार मला तेव्हाही कळला नव्हता आणि आजही कळत नाही. पुढच्या पाच-सहा वर्षांत दुसरं जनुकही निकामी झालं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात बोंडं फोडावीत तिथे अळी होती.

आता विद्यापीठाकडे येतो. दोन वर्षांपूर्वी भाचीला कृषीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी घेऊन एका विद्यापीठात गेलो होतो. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत. राहुरीचं १९६८ चं, अकोल्याचं १९६९ चं, परभणी आणि दापोलीची १९७२ ची. यातलं कोणतं ते सांगत नाही. भाचीला कीटकशास्त्रच घ्यायचं होतं. घरात यावरून आधीच बोलणी झाली होती. "किडे पकडायला एवढं शिकवायचं का?" हा अम्मीचा सवाल होता आणि खरं सांगायचं तर माझाही होता.

तिथल्या एका प्राध्यापकांनी आम्हाला कीटक-संगोपनाची खोली दाखवली. मी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात विलक्षण खोल्यांपैकी ती एक आहे. भिंतीला रॅक, रॅकवर लाकडी पेट्या, पेट्यांत भरडलेली ज्वारी आणि त्या ज्वारीवर वाढणारे तांदळाचे पतंग. हा पतंग धान्याचा शत्रू. पण त्याची अंडी इथे सोन्याच्या भावाची. अंडी गोळा करून चाळायची, अतिनील दिव्याखाली धरून आतला जीव मारायचा, मग कार्डावर डिंकाने चिकटवायची. मग ट्रायकोग्रामा नावाची माशी, जी डोळ्याला नीट दिसतही नाही, त्या अंड्यांत आपली अंडी घालते. आठवड्याभरात त्यातून पतंग निघत नाही, पुन्हा ट्रायकोग्रामाच निघते. एका कार्डावर अठरा-वीस हजार. शेतकऱ्याने ते कार्ड कापून पानांच्या मागे टाचायचं, बाकीचं काम माशी करते. पिकावर घातलेली किडीची अंडी ती शोधत फिरते. अळी बाहेरच पडत नाही, मग मारायची कशाला?

दुसऱ्या कोपऱ्यात घाटेअळ्या. यांना एकत्र ठेवता येत नाही, एकमेकींना खातात. म्हणून प्रत्येक अळीला वेगळी कुपी. हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, जीवनसत्त्वं आणि अगर शिजवून केलेला बर्फीसारखा तुकडा प्रत्येकीच्या कुपीत. शेकडो कुप्या. रोज बघायच्या, घाण काढायची, मेलेल्या बाजूला करायच्या, खाद्य बदलायचं. खोलीचं तापमान पंचवीस-सत्तावीस अंशांच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. हे सगळं एक गृहस्थ करत होते. सगळे त्यांना मामा म्हणत. ते रोजंदारीवर लागले, बऱ्याच वर्षांनी कायम झाले आणि आम्ही गेलो त्याच्या पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. "मग तुमच्या जागी कोण?" मी विचारलं. ते प्राध्यापकांकडे बघून हसले. प्राध्यापक म्हणाले, "पद भरायला परवानगी नाही. प्रकल्पातून एखादा मुलगा अकरा महिन्यांसाठी मिळेल."

मग त्यांनी एक रिकामा रॅक दाखवला. त्यावर कधीकाळी गुलाबी बोंडअळीची एक वेगळी वसाहत होती. ती का महत्त्वाची हे समजून घ्यायला मला वेळ लागला.

शेतातली अळी विषाला सरावली आहे की नाही हे ठरवायचं कसं? तिच्या खाद्यात विषाच्या वेगवेगळ्या मात्रा मिसळायच्या आणि किती मरतात ते मोजायचं. पण साठ टक्के मेल्या तर ते जास्त की कमी? ते सांगायला ज्या अळीने आणि तिच्या आज्या-पणज्यांनी हे विष कधी चाखलेलंच नाही अशी अळी शेजारी हवी. ही भोळी अळी शेतात आता मिळत नाही, कारण जवळजवळ सगळा कापूस बीटी आहे. ती प्रयोगशाळेतच पिढ्यान् पिढ्या सांभाळावी लागते. गुलाबी बोंडअळीची एक पिढी साधारण महिना-सव्वा महिन्याची. वर्षात आठ-दहा पिढ्या. एकदा ही साखळी तुटली की मोजायचा काटाच हरवतो.

इथली साखळी एका दिवाळीच्या सुट्टीत तुटली होती. वीज गेली, एसी बंद पडला, जनरेटरला डिझेल नव्हतं. मामा आजारी होते. सुट्टी संपून लोक आले तेव्हा खोलीत वास सुटला होता. प्राध्यापक हे सांगताना रागावले नव्हते. "अळीला रविवार नसतो. सरकारला असतो," एवढंच म्हणाले.

विद्यापीठांतल्या रिक्त पदांची बातमी दरवर्षी वर्तमानपत्रात येते आणि आपण ती पान उलटून पुढे जातो. आपल्याला वाटतं, एखादा प्राध्यापक कमी असला तर काय, दोन तास कमी शिकवले जातील. इतिहासाच्या विभागात कदाचित तसं होत असेल. जिथे जिवंत प्राणी सांभाळायचे आहेत तिथे रिकामं पद म्हणजे मेलेला रॅक. गोठ्यातल्या म्हशीला कुणी पाणी पाजायला नसलं तर गाव बोलतं. अळीसाठी कोण बोलणार?

हीच अळी दुसरीकडेही होती. ती मूळची आपल्याच बाजूची समजली जाते. १८४० च्या दशकात भडोचच्या कापसावरून तिचं पहिलं शास्त्रीय वर्णन झालं. पुढे सरकीबरोबर ती इजिप्तला गेली, तिथून मेक्सिको आणि १९१७ मध्ये टेक्सासला. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात तिने कापूस शेतकऱ्यांना रडवलं. तिथेही बीटी कापूस आला, आपल्या सहा वर्षं आधी, १९९६ मध्ये. तीच अळी, तेच विष. पण ॲरिझोना विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी पहिल्या काही वर्षांतच राज्यभरातून अळ्या गोळा करून दरवर्षी तपासायला सुरुवात केली. दरवर्षी, न चुकता. शेतकऱ्यांना बीटीच्या शेजारी साधा कापूस लावणं बंधनकारक होतं आणि ते लावलं की नाही हेही तपासलं जायचं. पुढे २००६ पासून त्यांनी आणखी एक काम केलं. फिनिक्सच्या केंद्रात अळ्या वाढवून, पतंग वांझ करून विमानातून शेतांवर सोडले. थोडेथोडके नाही, काही वर्षांत अब्जांनी. शेतातल्या पतंगाला जोडीदार मिळाला तर तो वांझ. २०१८ मध्ये अमेरिकेने गुलाबी बोंडअळी आपल्या कापसाच्या पट्ट्यातून हद्दपार झाल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्या वर्षी आमचा पोरगा यवतमाळला दवाखान्यात होता.

ही तुलना मी डोळे झाकून करत नाही. तिथला कापूस उत्पादक शेकडो एकरांचा मालक, आपला दोन-तीन एकरांचा. तिथे साध्या कापसाची पट्टी सोडायला सांगितलं तर त्याला झेपतं. आपल्याकडे बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमचं साध्या बियाण्याचं छोटं पाकीट यायचं, ते आपण बांधावर फेकून दिलं. मी स्वतः लोकांना फेकताना पाहिलंय, आणि त्यांना वेडं म्हणायची माझी हिंमत नाही. ज्याच्याकडे दोन एकर आहेत तो अळीला खायला पट्टी सोडेल का? शिवाय आपल्याकडे संकरित वाण, म्हणून एकाच बोंडातल्या काही सरक्यांत विष आणि काहींत नाही. अळीला सराव करायला याहून सोयीची शाळा कोणती? आणि हंगाम लांबवून फरदड घ्यायची आपली सवय आहेच, म्हणजे अळीला डिसेंबरनंतरही जेवण. दोष सगळ्यांच्या वाट्याला येतो. कंपनीच्या, सरकारच्या, आपल्याही.

पण म्हणूनच इथे तपासणारी प्रयोगशाळा जास्त हवी होती. जिथे नियम पाळले जाण्याची खात्री आहे तिथे पहारा थोडा ढिला चालेल. जिथे नाही तिथे पहारेकऱ्यालाच अकरा महिन्यांच्या करारावर ठेवायचं, हे कुठलं शहाणपण? २००६ च्या आधी बीटीचं पाकीट सोळाशेच्या घरात होतं आणि त्यातला मोठा वाटा तंत्रज्ञानाच्या शुल्काचा होता. त्या पैशातल्या एखाद्या टक्क्यातून कापसाच्या जिल्ह्यांत अळीच्या कायमस्वरूपी खोल्या उभ्या राहिल्या असत्या. तसं कुणी मागितलंही नाही. विद्यापीठांनीही मागितलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

विद्यापीठांना सगळंच माफ करावं असं मला वाटत नाही. भाचीमुळे जुन्या प्रबंधांची यादी चाळायला मिळाली. अमुक पिकावरील तमुक किडीविरुद्ध काही कीडनाशकांची परिणामकारकता. पुढचं पान, पीक वेगळं, किडी त्याच, कीडनाशकं नवी. दोन हंगाम, तीन पुनरावृत्ती, एक तक्ता, पदवी. याची गरज नाही असं नाही, पण विभागच्या विभाग यात अडकला तर तो कंपन्यांचा चाचणी-मळा होतो. ज्याला किडीचं शरीर, तिचं वागणं, तिचा नैसर्गिक शत्रू यांवर काम करायचंय त्याला खोली, मामा आणि डिझेल लागतं. औषधाच्या चाचणीला पंप पुरतो.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. २००२ च्या पावसाळ्यात सांगलीकडे उसावर पांढरा लोकरी मावा आला तेव्हा पानं कापूस पिंजल्यासारखी दिसत होती. उंच उसात फवारणी करणं अवघड आणि घातक. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्या माव्याला खाणारे जीव शोधले. डिफा नावाची अळी, मायक्रोमस नावाचा किडा, नंतर एन्कार्सिया नावाची बारीक परोपजीवी माशी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातला जैविक कीड नियंत्रणाचा विभाग, कर्नाटकातली विद्यापीठं आणि साखर कारखाने कामाला लागले. कारखान्यांनी शेडनेट उभारून त्यात मावा पोसला आणि माव्यावर हे मित्रकीटक वाढवून शेतांत सोडले. काही वर्षांत मावा आटोक्यात आला. आज नव्या पिढीच्या ऊस उत्पादकाला त्या माव्याचं नावही पटकन आठवत नाही.

इथे मला एक कडू गोष्ट बोलायची आहे. उसाला वाली होता. कारखाना होता, त्याचे संचालक होते, ते आमदारही होते. मावा वाढला तर गाळप घटणार हे त्यांना दुसऱ्या दिवशी कळत होतं. कापसाचं तसं नाही. कापूस पिकवणारा विदर्भ-मराठवाड्यातला कोरडवाहू माणूस, फवारणारा त्याहून खालचा मजूर, आणि जिनिंगवाल्याला कापूस गुजरातचा आला काय किंवा तेलंगणचा आला काय, सारखाच. म्हणून उसाच्या माव्यासाठी शेडनेट उभे राहतात आणि कापसाच्या अळीसाठी डिझेलही मिळत नाही.

किडीची ओळख पटवणं हेही याच विभागांचं काम. मे २०१८ मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्याच्या कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्रज्ञांना मक्यावर एक वेगळी अळी दिसली. कपाळावर उलटा वाय, शेपटीकडे चार ठिपके चौकोनात. त्यांनी ती पाळली, पतंग होईपर्यंत वाढवली, जनुकीय तपासणी केली आणि सांगितलं की ही अमेरिकन लष्करी अळी आहे, भारतात पहिल्यांदाच. त्या वर्षीच्या पावसाळ्यातच ती महाराष्ट्रात सोलापूरकडे सापडली. ज्या अळीची ओळख पटायला आणखी एक हंगाम गेला असता तिच्यासाठी निदान सल्ला वेळेवर निघाला. हे शक्य झालं कारण तिथे अळी हातात घेऊन "ही आपली नव्हे" असं म्हणू शकणारे डोळे होते. ते डोळे तयार व्हायला संग्रहालय लागतं. टाचणीला टोचलेले, चिठ्ठी लावलेले हजारो नमुने, शेजारी शेजारी. आम्ही पाहिलं त्या विद्यापीठातही होतं. काचेच्या खाली अनेक टाचण्यांवर नुसती चिठ्ठी उरली होती. किड्यांचे वाळलेले नमुने खाणारेही भुंगेरे असतात, डांबरगोळ्या वेळेवर बदलल्या नाहीत की ते येतात. १९७० च्या दशकातली कुणाची तरी सुबक अक्षरातली चिठ्ठी, गावाचं नाव, तारीख, पीक. किडा नाही.

याच संदर्भात एक गोष्ट आपल्या वाचकांना मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे ती कुणी सांगत नाही. ही जी डोळ्यांना न दिसणारी परोपजीवी माश्यांची दुनिया आहे, ट्रायकोग्रामा, एन्कार्सिया आणि त्यांची भावंडं, त्यांचं भारतातलं वर्गीकरण करणाऱ्या मोठ्या केंद्रांपैकी एक म्हणजे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचा प्राणिशास्त्र विभाग. आदम शफी, मोहम्मद हयात अशा संशोधकांनी तिथे दशकानुदशकं सूक्ष्मदर्शकाखाली या माश्यांच्या पंखावरचे केस आणि मिशांचे कांडे मोजले, नव्या जाती ओळखल्या, त्यांना नावं दिली. एन्कार्सियावरचं हयात यांचं काम या विषयात शिरणाऱ्याला टाळता येत नाही. कुठली माशी कुठल्या किडीवर सोडायची हे ठरवण्याआधी ती माशी कोण हे कुणीतरी सांगावं लागतं. त्याआधीच्या पिढीत पंजाबात लायलपूरला मोहम्मद अफझल हुसेन होते. टोळधाडीवरच्या संशोधनात त्यांचं नाव आहे आणि १९४६ च्या इंडियन सायन्स काँग्रेसचे ते अध्यक्ष होते. अलीगढ म्हटलं की आपल्याला शेरवानी, तराणा आणि दर्जाचा खटला आठवतो. माश्या मोजणारे आठवत नाहीत. अम्मीच्या सवालाला मी शेवटी हीच नावं सांगून उत्तर दिलं. तिला किती पटलं माहीत नाही, पण ती गप्प झाली.

आमच्या मोहल्ल्यातली पोरं फवारणीच्या पंपापर्यंत पोचलीत. बागवान मित्रांची फळमाशीशी रोज गाठ पडते. बाहेरून चांगला दिसणारा पेरू आतून किडका निघतो आणि पेटीचा भाव पडतो. फळमाशीमुळेच २०१४ मध्ये युरोपने आपला आंबा काही महिने बंद केला होता. दापोलीच्या विद्यापीठाने फळमाशीसाठी रक्षक सापळा काढला, तो स्वस्त आहे, पण आमच्या बाजारातल्या किती बागवानांनी त्याचं नाव ऐकलंय? किडीशी आमचा संबंध हा पाठीचा आणि खिशाचा. तिच्याकडे बघून विचार करायच्या टेबलाशी आम्ही जवळपास नाहीच. आमच्या नात्यात कृषी पदवीधर बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही बहुतेकांचं ध्येय बँकेतली नोकरी किंवा स्पर्धा परीक्षा. याला शेती नसणं हे कारण सांगितलं जातं. पण कीटकशास्त्रज्ञ व्हायला सातबारा लागत नाही.

सरकारने सगळंच बिघडवलं असंही नाही. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीन अळ्यांनी खाल्लं, त्यानंतर पुढच्या हंगामापासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. कीड-सर्वेक्षक ठरलेल्या शेतांत फिरून किडी मोजतात, विद्यापीठाचे शास्त्रज्ञ त्यावरून सल्ला देतात. कल्पना उत्तम आहे आणि ती चालली तर दुकानदाराच्या तीन बाटल्यांपैकी दोन तरी वाचतात. कापसात सलग तीन रात्री कामगंध सापळ्यात आठ-आठ पतंग सापडले तरच फवारायचं, नाहीतर थांबायचं, हा आकडा अशाच कामातून आलेला आहे. फक्त हा आकडा त्या रोजंदारी पोराच्या मालकापर्यंत पोचला पाहिजे, आणि आकडा बदलायची वेळ आली की ते सांगणारी खोली जिवंत पाहिजे.

माझं म्हणणं लहान आहे. संगोपनाच्या खोलीत काम करणारी पदं प्रकल्पाबाहेर काढून कायम करावीत. प्रोफेसर एक वेळ उशिरा भरा, मामा आधी भरा. भोळ्या अळीची वसाहत एकाच विद्यापीठात न ठेवता तीन ठिकाणी ठेवावी, म्हणजे एका दिवाळीत सगळं जाणार नाही. आणि बाजार समित्या कापसावर जो सेस घेतात त्यातला थोडासा भाग याच कामाला बांधून द्यावा. त्याच्या खर्चाची तुलना कुणाला करायचीच असेल तर त्याने खालाच्या मुलाच्या दवाखान्याच्या बिलाशी करावी. ते मी भरलंय, मला आकडा पाठ आहे.

भाचीला प्रवेश मिळाला. तिचा विषय गुलाबी बोंडअळीच. मामा निवृत्त झाले, पण आठवड्यातून दोनदा सायकलवर येतात, पैसे न घेता मुलांना शिकवतात. मागच्या ईदला ती घरी आली नाही. अम्मीने शीरखुर्मा डब्यात भरून माझ्याबरोबर पाठवला. मी गेलो तेव्हा ती चिमट्याने एकेका अळीला कुपीतून उचलत होती. हात न धुता तिने डबा घेतला म्हणून मी ओरडलो.

आता तिला नवी वसाहत सुरू करायची आहे. जिनिंगमध्ये अब्बांच्या ओळखीचे लोक अजून आहेत. "मामू, तीन-चारशे जोडसरक्या लागतील, वेगवेगळ्या गावांच्या, गावाचं नाव लिहून," असं तिने फोनवर सांगितलं आहे. अब्बा हल्ली फारसे बाहेर पडत नाहीत. पण हे ऐकल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी घालून, चष्मा पुसून ओट्यावर तयार बसले होते. अम्मीचं एकच म्हणणं आहे, त्या पिशव्या घरात ठेवायच्या नाहीत.